कीबोर्ड बदलण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी कोथरूडला राहते आणि गेली अकरा वर्षे घरातूनच मराठी टायपिंगची कामे करते. पाच महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप १९,५०० रुपयांना घेतला. आय-५ प्रोसेसर, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि विंडोज ११ असे त्याचे वर्णन बिलावर आहे. दुकानाची हमी एक महिन्याची होती, ती केव्हाच संपली. गेल्या तीन आठवड्यांपासून कीबोर्डची काही अक्षरे आधी अधूनमधून आणि आता अजिबातच उमटत नाहीत. मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कळमांडणीच्या पद्धतीने टाइप करते. ‘आम्ही’ लिहिले की नुसते ‘ही’ उमटते, ‘मराठी’चे ‘रठी’ होते, आणि सध्या एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचे हस्तलिखित हाती आहे त्यात पानोपानी येणारे ‘अण्णा’ तर पडद्यावर येतच नाहीत. इंग्रजीत ३ चा आकडाही उमटत नाही. ब्रशने साफ करून झाले. यूएसबीचा साधा कीबोर्ड लावला की सगळे नीट चालते.

दुरुस्ती करणारे कीबोर्ड बदलण्याचे ३,२०० रुपये सांगतात. यजमानांचे म्हणणे असे की बाहेरचा कीबोर्ड चालतो आहे तर जुन्या वस्तूवर खर्च कशाला. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात की हा ९,००० ला परत देऊन २४,००० चा दुसरा घ्या. आठवड्यातून दोनदा मला लॅपटॉप घेऊन सरांकडे सदाशिव पेठेत जावे लागते, कारण ते शेजारी बसून दुरुस्त्या सांगतात. काय करावे?

ता. क. टचपॅडचे क्लिक हल्ली घट्ट झाले आहे, पण मी माउस वापरते, त्यामुळे त्याची अडचण नाही.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ताजा कलमात आली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकवायच्या पट्टीखाली, म्हणजे टचपॅडच्या बरोबर खाली बसवलेली असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली, सतत तापत राहिली किंवा महिनोन्‌महिने शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत चार्जरला जोडलेली राहिली की तिच्या आत वायू तयार होऊ लागतो आणि तिचे पाकीट हळूहळू फुगते. फुगलेल्या पाकिटाला वर जायला जागा नसते, म्हणून ते टचपॅडला खालून दाबते आणि क्लिक घट्ट होते. घट्ट झालेल्या प्रत्येक टचपॅडखाली फुगलेली बॅटरीच असते असे नाही, कडेच्या फटीत साचलेल्या मळानेही असे होते. तरीही तुमचा लॅपटॉप वापरलेला आहे, टायपिंगच्या कामामुळे तो बहुधा दिवसभर चार्जरलाच जोडलेला असणार, आणि कीबोर्डचा बिघाड त्याच सुमारास सुरू झाला आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यावर ही शंका बाजूला सारून मी तुम्हाला कीबोर्डविषयी काहीही सांगणे योग्य होणार नाही.

म्हणून आज लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तो एखाद्या सपाट टेबलावर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून डोळे त्याच्या पातळीला आणून कडेने पाहा. चारही रबरी पाय टेकले आहेत का, एका कोपऱ्यावर बोट ठेवले तर तो डुगडुगतो का, खालच्या झाकणाच्या कडेला पूर्वी नसलेली फट दिसते का, झाकण मिटल्यावर मध्ये उंचवटा राहतो का, आणि स्पेसबारच्या आसपासचा भाग किंचित वर आल्यासारखा वाटतो का, हे बघा. यातले एक जरी ठळकपणे जाणवले तर लॅपटॉप पुन्हा चार्जिंगला लावू नका, टचपॅड दाबून बघू नका आणि स्वतः उघडण्याच्या भानगडीत पडू नका. फुगलेल्या बॅटरीला टोक लागले किंवा ती वाकली तर आतल्या आत शॉर्ट होऊन ती पेट घेऊ शकते. दुकानात नेताना पिशवीत त्याच्यावर वह्या, डबा असे काही वजन ठेवू नये आणि दुचाकीच्या डिकीत तो कोंबू नये.

तुमच्या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे. बॅटरी फुगलेली असेल आणि तुम्ही फक्त कीबोर्ड बदलून घेतला, तर खालून येणाऱ्या त्याच दाबावर ३,२०० रुपयांचा नवा कीबोर्ड बसवला जाईल आणि थोड्याच दिवसांत तुम्हाला मला दुसरे पत्र लिहावे लागेल. ज्यांनी ३,२०० चा आकडा सांगितला त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला होता की वरून बघूनच सांगितला, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा वरूनच सांगितला असावा.

आता कीबोर्डकडे वळतो. तुम्ही जी उदाहरणे दिली आहेत ती इतकी नेमकी आहेत की त्यावरून बिघाडाची जागा घरबसल्या सांगता येते. इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह) आणि ‘अ’ डी या कळेवर, काना आणि ‘आ’ ई या कळेवर, तर ‘म’ आणि ‘ण’ सी या कळेवर आहेत. ‘आम्ही’मधून ‘आ’, ‘म’ आणि हलन्त गेले की ‘ही’च उरते, आणि ‘अण्णा’ हा शब्द तर सबंधच्या सबंध या तीन कळांवर बसलेला असल्यामुळे त्यातले एक अक्षरही वाचत नाही. त्यात तुम्ही सांगितलेला ३ चा आकडा मिळवा आणि कीबोर्डकडे पाहा. ३, त्याखाली ई, त्याखाली डी आणि त्याखाली सी अशी एक तिरकी रेघ दिसेल.

लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र तार नसते. ऐंशीहून अधिक कळांसाठी साधारण दोन डझन रेषांचे आडवे-उभे जाळे असते आणि कोणती आडवी रेषा कोणत्या उभ्या रेषेला टेकली यावरून कोणती कळ दाबली गेली ते ओळखले जाते. हे जाळे पातळ प्लास्टिकच्या थरांवर वाहक शाईने छापलेले असते. अनेक कीबोर्डांमध्ये ३, ई, डी आणि सी या कळा एकाच रेषेवर येतात. त्यामुळे या चौघी एकाच वेळी गेल्या याचा अर्थ चार कळा बिघडल्या असा होत नाही, त्यांची एक सामाईक रेषा कुठेतरी तुटली आहे. एखादी कळ एकटीच अडली असती तर तिच्याखाली खारीचा किंवा चिवड्याचा कण असण्याची शक्यता होती आणि ब्रशने, हवेने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एखाद्या थेंबाने ते काम भागले असते. रेषा तुटल्यावर वरून कितीही साफसफाई केली तरी उपयोग होत नाही, त्यामुळे तुम्ही साफ करण्यात कमी पडलात असे मनात आणू नका. यूएसबी कीबोर्ड व्यवस्थित चालतो यावरून विंडोजची, भाषेच्या सेटिंगची किंवा इन्स्क्रिप्टची काही चूक नाही हेही ठरते, म्हणून कोणी विंडोज नव्याने टाकायचे पैसे मागितले तर ते देऊ नयेत.

रेषा तुटण्याच्या मात्र दोन जागा असू शकतात आणि त्या दोघींच्या खर्चात फार फरक आहे. पहिली जागा छापील जाळ्याच्या आत, आणि तिथे तुटली असेल तर कीबोर्ड बदलण्यावाचून इलाज नाही, कारण त्या प्लास्टिकवर डाग देऊन (सोल्डर करून) रेषा जोडायला गेले तर ते वितळते. दुसरी जागा म्हणजे कीबोर्डमधून निघून मदरबोर्डला जोडली जाणारी चपटी पट्टी. तिचे टोक एका छोट्या खाचेत सरकवून वरून बारीक खिटी लावलेली असते. ती पट्टी किंचित तिरकी झाली, तिच्या टोकावर गंज किंवा मळ धरला, किंवा आधी कोणी लॅपटॉप उघडून खिटी नीट न लावताच बंद केला, तरीही नेमकी अशीच एका ओळीतली अक्षरे जातात. विकण्यापूर्वी वापरलेले लॅपटॉप स्वच्छतेसाठी किंवा रॅम वाढवण्यासाठी अनेकदा उघडले जातात. तुमचा बिघाड आधी अधूनमधून होता आणि नंतर कायमचा झाला, हे दोन्ही शक्यतांशी जुळते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला पहिली विनंती हीच करा, की आधी पट्टी काढून, तिचे टोक पुसून, पुन्हा नीट बसवून पाहा आणि मगच नवा कीबोर्ड लागतो की नाही ते सांगा. प्रामाणिक कारागीर हे आपणहून करतो. जो ही पायरी टाळून थेट नवा कीबोर्ड काढायला जातो, त्याच्याकडे काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याच वेळी कीबोर्डच्या खाली काय दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. मी तो पुसला, पालथा घातला, दोन दिवस वाळवला आणि काही कळा चालेनात म्हणून कीबोर्ड बदलून घेतला. सगळे सुरळीत झाले असे वाटले, आणि महिन्याभराने लॅपटॉप चार्ज होणे बंद झाले. उघडल्यावर दिसले की चार्जिंगच्या भागाभोवती चहाचा तपकिरी थर वाळून बसला होता आणि त्याखाली हिरवा गंज चढला होता. पाणी सांडले तर निदान वाळून जाते. दूध-साखरेचा चहा मात्र चिकटून राहतो, हवेतली ओल धरून ठेवतो, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ती ओल भरपूर असते. कीबोर्ड बदलताना कोणी दोन मिनिटे खाली बोर्डाकडे पाहिले असते आणि तो थर तेव्हाच धुऊन काढला असता तर माझा बोर्ड वाचला असता. तुमच्या लॅपटॉपवर तुमच्या घरी काही सांडले नसेल, पण आधीच्या मालकाकडे काय घडले ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. बोर्डावर असा थर किंवा गंज दिसला तर कीबोर्डचा विचार तिथेच थांबवा आणि आधी बोर्ड स्वच्छ करून किती नुकसान झाले आहे ते विचारा.

पुढचा प्रश्न कीबोर्ड कसा बसवलेला आहे याचा आहे, कारण मजुरी त्यावरच ठरते. काही मॉडेलमध्ये, विशेषतः कार्यालयांसाठी बनवलेल्या जुन्या मॉडेलमध्ये, खालून दोन-चार स्क्रू सैल केले की कीबोर्ड वरच्या बाजूने अलगद निघतो, आणि सरावलेला माणूस वीस मिनिटांत नवा बसवतो. दुसऱ्या प्रकारात कीबोर्ड वरच्या आवरणाला, ज्याला दुरुस्तीवाले सी-पॅनल म्हणतात, आतून जोडलेला असतो. तिथे बॅटरी, पंखा, मदरबोर्ड असे सगळे बाहेर काढल्याशिवाय कीबोर्डापर्यंत हात पोचत नाही. त्यातही काही मॉडेलमध्ये स्क्रूऐवजी प्लास्टिकच्या वितळवून चपट्या केलेल्या खुंट्या असतात. त्या तोडून जुना कीबोर्ड काढावा लागतो आणि नवा पुन्हा डागणीने किंवा चिकटवून बसवावा लागतो. असे काम नीट झाले नाही तर टाइप करताना मधला भाग लवचीक लागतो, आणि दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाच्या बोटांना ते पहिल्याच तासात जाणवते. अशा मॉडेलसाठी कीबोर्डासकट सबंध सी-पॅनल मिळाले तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घेणे मला अधिक पसंत आहे. तुमच्या लॅपटॉपच्या खालच्या बाजूला मॉडेलचे नाव छापलेले असेल. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर मोफत ठेवतात. त्यातले कीबोर्ड काढण्याचे पान उघडून, त्याआधी काय काय काढायला सांगितले आहे तेवढे वाचले, तरी ३,२०० त वाजवी मजुरी धरली आहे की नाही याचा तुम्हाला अंदाज येईल.

लॅपटॉप मुळात खर्च करण्याजोगा आहे का? माझ्या मते आहे, आणि त्याचे मुख्य कारण तुमच्या बिलावरचा ‘आठवी पिढी’ हा शब्द आहे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा लॅपटॉप असता तर मी तुम्हाला पैसे जपून ठेवायला सांगितले असते. तुमचा लॅपटॉप त्या सीमेच्या आत बसतो आणि टायपिंगच्या कामाला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरेशी आहे. तुमच्या हातावेगळ्या होणाऱ्या कामाच्या वेगाला यंत्र कुठे कमी पडते आहे असे पत्रात कुठेही नाही, तक्रार एवढीच आहे की चार कळा चालत नाहीत.

यजमानांचा मुद्दा मी हलका मानत नाही. तुम्ही घरच्या टेबलावरच बसून काम करत असता तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो, कारण दिवसाचे सहा-सात तास टाइप करणाऱ्याला पूर्ण आकाराचा बाहेरचा कीबोर्ड आणि नजरेच्या उंचीवर ठेवलेला पडदा हे मनगटांना आणि मानेला लॅपटॉपच्या कीबोर्डापेक्षा केव्हाही चांगले. तो कीबोर्ड दुरुस्तीनंतरही घरी वापरत राहा, वाया जाणार नाही. पण आठवड्यातून दोनदा सरांच्या घरी, बहुधा दिवाणखान्यातल्या छोट्या टीपॉयवर, लॅपटॉप, त्याच्यापुढे कीबोर्ड, शेजारी माउस आणि हस्तलिखिताची पाने असा पसारा मांडायचा आणि सरांनी शब्द उच्चारताच तो दुरुस्त करायचा, हे फार दिवस चालणार नाही. शिवाय बाहेरचा कीबोर्ड बॅटरीची शंका दूर करत नाही. उलट तो लावून काम सुरू राहिले तर ती शंका विसरली जाते, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

परत देऊन दुसरा घेण्याच्या सल्ल्याचा हिशेब करून पाहा. पाच महिन्यांपूर्वी १९,५०० ला घेतलेली वस्तू ९,००० ला गेली की १०,५०० रुपये गेले, आणि दुसऱ्यासाठी आणखी १५,००० खिशातून द्यायचे. तोही वापरलेलाच, त्याचीही हमी बहुधा महिन्याचीच, आणि त्याच्या बॅटरीचा इतिहास पुन्हा अज्ञात. हा सौदा मी करणार नाही.

मात्र त्या दुकानात बिल घेऊन एकदा जरूर जा, विशेषतः बॅटरी फुगलेली निघाली तर. पाच महिन्यांत बॅटरी या थराला गेली म्हणजे विकतानाच ती जुनी होती, असे शांतपणे सांगून बॅटरीचा निम्मा खर्च उचलायची विनंती करायला हरकत नाही. पुण्यातला दुकानदार गिऱ्हाईक तुटू नये म्हणून एवढे अनेकदा करतो. त्याने दाद दिली नाही आणि सदोष वस्तू माहीत असून विकली असे तुम्हाला वाटले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत जाता येते, आणि तुमच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

दुरुस्तीसाठी मंडई मेट्रो स्थानकावर उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी करता येईल, किंवा घराजवळचा ओळखीचा माणूस असेल तर तोही चालेल. दोन ठिकाणी विचारा, आणि विचारताना नुसते ‘कीबोर्ड केवढ्याला’ असे न विचारता तीन गोष्टींची उत्तरे घ्या. कीबोर्ड कंपनीचा ओरिजिनल आहे, दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला आहे की कंपॅटिबल, म्हणजे त्या मॉडेलसाठी दुसऱ्याच कोणी बनवलेला आहे? बॅकलाइट (कळांखालचा उजेड) सध्या असेल तर नव्यालाही आहे का? आणि हमी किती महिन्यांची? तुमच्यासारखे दिवसाला कित्येक हजार कळा दाबणारे गिऱ्हाईक असेल तर कंपॅटिबल कीबोर्डावर पैसे वाचवू नयेत, कारण त्याच्या कळांचा दाब अनेकदा एकसारखा नसतो आणि ते बोटांना जाणवते. आणखी एक गोष्ट स्वतः तपासा. परदेशातून आलेल्या कीबोर्डांवर कधी कधी एंटरची कळ उभी, दोन ओळी उंच असते आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जास्तीची कळ असते. आपल्याकडे रूढ असलेल्या मांडणीत एंटर आडवी असते. अकरा वर्षे इन्स्क्रिप्टवर बसलेला हात शिफ्टची कळ बोटभर सरकली तरी चुकतो. तुमच्या सध्याच्या कीबोर्डचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि नवा त्याच्याशी ताडून पाहा. तुमच्या कळांवर देवनागरी स्टिकर असतील तर ते नव्या कीबोर्डावर जाणार नाहीत, नवा संच घ्यावा लागेल.

आकड्यांचे माझे मत असे आहे. कीबोर्ड आणि बॅटरी मिळून खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या, म्हणजे ६,५०० रुपयांच्या आत राहत असेल तर दोन्ही एकाच वेळी बदलून घ्या. दोन्हींसाठी लॅपटॉप उघडावा लागतो, त्यामुळे एकत्र काम दिले तर मजुरी एकदाच पडावी, आणि तसे स्पष्ट बोलून घ्या. कीबोर्डचे ३,२०० धरले तर बॅटरीसाठी ३,३०० पर्यंतची सोय त्यात आहे. पट्टी पुन्हा बसवून कळा चालू झाल्या तर फक्त बॅटरीचा खर्च करा. बॅटरी निर्दोष निघाली तर फक्त कीबोर्डचा. बोर्डावर गंज चढलेला निघाला, किंवा एकूण आकडा ६,५०० च्या बराच वर गेला, तरच थांबा, आणि तेव्हा बाहेरचा कीबोर्ड लावून निभावत नव्या यंत्रासाठी पैसे साठवणे योग्य ठरेल. तेव्हाही फुगलेली बॅटरी आत ठेवून काम चालवायचे नाही. ती काढून टाकल्यावर अनेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, तुमचा चालतो का ते विचारा.

काढलेली फुगीर बॅटरी घरी आणू नका आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ती ई-कचऱ्यात जमा करायला सांगता येते. आपल्या शहरात सुका कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आहेत. तशी बॅटरी त्यांच्या हातात फुटू नये याची काळजी आपण घ्यायला हवी.

लॅपटॉप द्यायला जाण्यापूर्वी हस्तलिखिताची फाइल सुरक्षित करायची आहे. टेबलावर ठेवून पाहिल्यावर फुगवट्याची कोणतीच खूण दिसली नाही तर लॅपटॉप सुरू करून सगळे काम पेनड्राइव्हवर घ्या. पासवर्डमध्ये ई, डी, सी किंवा ३ असेल तर यूएसबी कीबोर्ड लावा, किंवा प्रवेशाच्याच पडद्यावर मिळणारा ऑन-स्क्रीन कीबोर्ड माउसने वापरा. फुगवटा दिसला तर कॉपी करण्यासाठीसुद्धा तो सुरू करू नका. आधी दुकानात बॅटरी काढून घ्या आणि मग चार्जरवर चालू होत असेल तर तिथेच बसून कॉपी करा. विंडोजचा पासवर्ड कोणालाही सांगायची गरज नाही. दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली लिखाणे तुमच्याकडे असतात, त्यामुळे तपासणीच्या वेळी पासवर्ड तुम्हीच टाका. शक्य असेल तर काम होईपर्यंत समोर बसा. लॅपटॉपचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला गेला तर तो आतून बोर्डाला किंवा कीबोर्डाला टोचतो. कारागीर काढलेले स्क्रू त्यांच्या जागांप्रमाणे वेगळे ठेवतो की एका वाटीत टाकतो, एवढे पाहिले तरी त्याच्या हाताची शिस्त कळते.

परत घेताना नोटपॅड उघडून नुसते ‘ए बी सी डी’ मारून समाधान मानू नका. हस्तलिखिताचे एक पान सोबत न्या आणि ते तिथेच टाइप करा. ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहून पाहा, त्यात शिफ्टसह जे, त्यानंतर हलन्त आणि य असा क्रम येतो. ‘बाळ’ लिहा, त्यातल्या ‘ळ’ला शिफ्टसह एन लागते. डाव्या आणि उजव्या दोन्ही शिफ्ट कळांनी हे करून पाहा. त्यानंतर टचपॅडचे क्लिक, आवाजाच्या कळा, बॅकलाइट आणि काही मॉडेलमध्ये कीबोर्डावरच असणारी पॉवरची कळ तपासा, आणि लॅपटॉप सपाट काउंटरवर ठेवून चारही पाय टेकतात का ते बघा. पानभर मजकुरात ‘अण्णा’ जिथे जिथे आहेत तिथे ते पूर्ण उमटले की मग पैसे द्या, आणि बिलावर कीबोर्डचा पार्ट नंबर, बॅटरी बदलली असल्यास तिची नोंद आणि दोन्हींच्या हमीची मुदत तारखेसह लिहून घ्या.